जुनिपरला टेकलेली विंचेस्टर: एका रायफलीच्या ओळखीचं प्रकरण

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, युटाच्या सीमेजवळ ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान आहे. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथे पुरातत्त्वीय पाहणी चालू असताना उद्यानाच्या पुरातत्त्वज्ञ ईवा जेन्सन यांना जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली एक रायफल दिसली. दस्त्याचं लाकूड उन्हापावसाने राखाडी पडून चिरफाळलं होतं, नळीवर तपकिरी गंज चढला होता, आणि या दोन्ही रंगांमुळे ती झाडाच्या खोडात इतकी मिसळून गेली होती की जवळून जाणाऱ्यालाही कळू नये. दस्त्याचं टोक चार-पाच इंच माती आणि पालापाचोळ्यात रुतलेलं होतं. कुणी पुरलेली नव्हती ती. माती तिच्याभोवती साचत गेली होती.

ही रायफल पुढे ‘विसरलेली विंचेस्टर’ या नावाने प्रसिद्ध झाली; विंचेस्टर हे ती बनवणाऱ्या कारखान्याचं नाव. जुन्या लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस भरणाऱ्या, शिकारी रायफलींबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि जे येतं ते बहुतेक काउबॉयपटांच्या अंगाने येतं. जुनी रायफल ओळखायची कशी, तिच्याकडून काय कळतं, कुठे थांबायचं आणि तिचं मोल कशात मानायचं, हे सगळे प्रश्न या एका रायफलीत आले आहेत. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

धातूवर काय लिहिलेलं होतं

पहिली ओळख सोपी होती. गंजाखालीही ‘मॉडेल १८७३’ ही कोरलेली खूण वाचता येत होती. विंचेस्टरच्या या मॉडेलवर नाव रिसीव्हरच्या (यंत्रणा बसवलेल्या मधल्या भागाच्या) मागच्या बाजूला, घोड्याच्या (बार उडवणाऱ्या हातोडीच्या) पाठीमागे दस्त्याकडे जाणाऱ्या वरच्या पट्टीवर असतं. खालच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो. जुनी विंचेस्टर हातात आली की जाणकार माणूस आधी या दोन पट्ट्या बघतो, नळी नंतर.

नुसत्या मॉडेलच्या नावावरून वर्ष मात्र ठरत नाही. १८७३ हे मॉडेल बाजारात आल्याचं वर्ष. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं या रायफली बनत राहिल्या आणि एकंदर ७ लाख २० हजारांच्या वर तयार झाल्या. घरातल्या जुन्या रायफलीवर ‘१८७३’ वाचून ती त्या वर्षीची आहे असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. खरं वर्ष अनुक्रमांकाने ठरतं, आणि तो ताडून पाहायला कारखान्याच्या वह्या लागतात. विंचेस्टरच्या जुन्या मॉडेलांच्या मूळ नोंदवह्या सुदैवाने टिकल्या आहेत. वायोमिंग राज्यातल्या कोडी गावात बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट नावाची मोठी संस्था आहे, तिच्या शस्त्रसंग्रहालयात त्या जपलेल्या आहेत.

ग्रेट बेसिनच्या रायफलीचा अनुक्रमांक त्या वह्यांत सापडला. ती १८८२ साली तयार होऊन त्याच वर्षी गोदामातून बाहेर पडली होती. कुणी विकत घेतली, कुठल्या गावी रवाना झाली, याची नोंद नव्हती. त्या एका वर्षात २५ हजारांहून अधिक १८७३ बनल्या होत्या, आणि ही त्यांतली एक.

संग्राहक मंडळी कारखान्याच्या नोंदीला फार मान देतात. तो रास्तच आहे. पण नोंदीत कारखान्याच्या दारापर्यंतचीच हकीकत असते. दाराबाहेर पडल्यावर रायफलीचं काय झालं हे तिच्या अंगावरच शोधावं लागतं.

ही रायफल होती तरी कशी

शोधाकडे पुढे जाण्याआधी या मॉडेलपाशी थोडं थांबतो, कारण ते उमजल्याशिवाय जुन्या लिव्हर-ॲक्शनची गोडी लागत नाही.

ऑलिव्हर विंचेस्टर हा मुळात कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा शर्ट बनवणारा कारखानदार. बंदुकांच्या धंद्यात त्याने पैसा घातला, आणि त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये एकामागून एक बार काढणाऱ्या रायफलीचं पेटंट घेतलं. हेन्री रायफलीत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात, म्हणजे मॅगझिनमध्ये, पुढच्या टोकाकडून भरावी लागत. भरताना रायफल हाताळणं अडचणीचं होई, आणि मॅगझिनला मोठी फट असल्याने माती, कचरा आत जाई. नेल्सन किंगने रिसीव्हरच्या उजव्या बाजूला स्प्रिंगचं छोटं झाकण बसवलं. काडतूस अंगठ्याने दाबलं की आत. ही सुधारणा १८६६ च्या मॉडेलमध्ये आली, आणि १८७३ च्या नळीवरही ‘किंग्ज इम्प्रूव्हमेंट’ हे शब्द आणि २९ मार्च १८६६ ही पेटंटची तारीख कोरलेली सापडते. हेन्रीच्या १६ ऑक्टोबर १८६० च्या पेटंटची तारीखही शेजारीच असते. एका नळीवर दोन माणसांचं काम असं नोंदलेलं पाहिलं की मला फार समाधान वाटतं.

१८६६ च्या मॉडेलचं रिसीव्हर पितळी झाकेच्या मिश्रधातूचं होतं, त्यामुळे ती पिवळी दिसे. १८७३ मध्ये ते लोखंडी झालं, पुढे पोलादी. काडतूसही बदललं. आधीचं रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणारं) काडतूस दुबळं होतं. नवं .४४-४० सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर आघात होऊन उडणारं) आलं: .४४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) आणि ४० ग्रेन (वजनाचं एक बारीक माप) काळी दारू, पुढे २०० ग्रेनची शिशाची गोळी. विंचेस्टरची माणसं त्याला ४४ डब्ल्यूसीएफ (विंचेस्टर सेंटरफायर) म्हणत. पुढे कोल्ट कंपनीने याच काडतुसासाठी रिव्हॉल्व्हर काढलं आणि एकाच पट्ट्यातली काडतुसं कमरेच्या आणि खांद्याच्या अशा दोन्ही शस्त्रांना चालू लागली. दुकान कित्येक मैलांवर असलेल्या माणसाला ही केवढी सोय होती!

आतली यंत्रणा गुडघ्याच्या सांध्यासारखी चालते. लिव्हर खाली ओढला की सरळ असलेले दुवे गुडघा मोडावा तसे दुमडतात, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा) मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि घोडा चढतो. त्याच हालचालीत मधला पितळी ठोकळा नवं काडतूस उचलून नळीच्या तोंडासमोर आणतो. लिव्हर परत वर घेतला की दुवे सरळ होऊन बोल्ट घट्ट बसतो. वरच्या बाजूला धूळ अडवणारं सरकतं झाकण असतं. पहिल्याच ओढीत ते आपोआप मागे जातं, बंद मात्र हातानेच करावं लागतं. या झाकणाची घडण वर्षांगणिक बदलत गेली. त्याचे रूळ वेगळे बसवलेले आहेत की रिसीव्हरच्याच अंगातून काढलेले आहेत, यावरून १८७३ च्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्या ओळखतात.

हे दुवे देखणे, पण फार ताकदीचे नाहीत. .४४-४० चा दाब ते सोसतात. जवळच्या अंतरावरच्या हरणाला ही रायफल पुरे, मोठ्या अस्वलासमोर किंवा एल्क या थोराड हरणासमोर अपुरी. म्हणून विंचेस्टरने तीच यंत्रणा मोठी करून १८७६ चं मॉडेल काढलं. मग शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८८६ च्या मॉडेलमध्ये बोल्टला दोन्ही बाजूंनी उभ्या पोलादी पट्ट्यांचा आधार दिला आणि प्रश्न खऱ्या अर्थाने मिटला.

लांबून सगळ्या लिव्हर-ॲक्शन सारख्याच दिसतात, तरी १८७३ ओळखायला एक हमखास खूण आहे. तिच्या रिसीव्हरच्या दोन्ही अंगांना सुट्या होणाऱ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. १८९२ चं मॉडेल आकाराने तिच्या जवळचं आणि काडतूसही तेच घेणारं, पण त्याचं अंग अखंड पोलादी. १८७६ म्हणजे अंगापिंडाने थोराड १८७३. १८९४ मध्ये लिव्हर ओढला की रिसीव्हरचं बूडही खाली उतरतं. मार्लिन या दुसऱ्या कंपनीच्या १८८९ नंतरच्या रायफलींचा माथा बंद असतो आणि पुंगळी बाजूने बाहेर पडते. सॅव्हेज कंपनीच्या १८९९ ला तर बाहेर घोडाच नाही.

कॅलिबरचीही एक गंमत आहे. सुरुवातीच्या १८७३ वर कॅलिबर कोरलेलंच नसे, कारण .४४-४० सोडून दुसरं होतंच कुठे? .३८-४० आल्यावर आणि मग १८८२ मध्ये .३२-२० आल्यावर खुणेची गरज पडली. म्हणून खूण नसणं हादेखील पुरावा असतो, फक्त ती घासून गेलेली नाही याची खात्री हवी.

आत काय होतं

रायफल कोडीच्या संग्रहालयात गेल्यावर पहिला प्रश्न आला सुरक्षिततेचा. गंजलेल्या रायफलीत काडतूस आहे की नाही हे लिव्हर ओढून बघता येत नाही. भाग चिकटलेले असतात, ओढाताणीत मोडतात, आणि काडतूस असलं तर धोका वेगळाच. म्हणून ती गावातल्या रुग्णालयात नेऊन तिचा एक्स-रे काढला गेला. नळी रिकामी होती, मॅगझिन रिकामं होतं. पण दस्त्याच्या आत एक काडतूस दिसलं.

१८७३ च्या दस्त्याच्या टोकाला पोलादी पट्टी असते. त्या पट्टीत एक छोटं झाकण असतं आणि झाकणामागे लाकडात पोकळी. नळी साफ करायच्या सळईचे तुकडे ठेवायला ती केलेली. या रायफलीत त्या जागी काडतूस होतं. ते बाहेर काढून बुडावरचा ठसा वाचला: युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी, ४४ डब्ल्यूसीएफ. ही कंपनी कनेक्टिकटमधल्याच ब्रिजपोर्टची. ठशावरून काडतुसाचा काळ १८८७ ते १९११ असा ठरला. १९१२ मध्ये कंपनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीशी एकत्र आली आणि ठसे बदलले, म्हणून ती वरची सीमा.

मला हे काडतूस सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं. रायफल सापडल्यावर बातमी जगभर गेली. १८८२ आणि २०१४ यांची वजाबाकी करून ती १३२ वर्षं झाडाला टेकून उभी होती, असं कित्येकांनी धरून चाललं. १३२ वर्षं हे रायफलीचं वय झालं, ती तिथे किती काळ होती याचं मोजमाप नव्हे. दस्त्यातलं काडतूस १८८७ च्या आधी बनलेलंच नाही. तेव्हा कारखान्यातून निघाल्यावर निदान पाच वर्षं रायफल कुणाच्या तरी हातात होती, वापरात होती, एवढं पक्कं म्हणता येतं.

उलट दिशेने मात्र काहीच पक्कं होत नाही. काडतूस वीस-तीस वर्षं कप्प्यात पडून राहू शकतं. रायफल १८९० मध्ये तिथे ठेवली असेल किंवा १९२० मध्ये. साचलेली माती, राखाडी झालेलं अक्रोडाचं लाकूड, गंजाचा थर हे सगळं ‘फार वर्षं’ एवढंच सांगतात. ग्रेट बेसिनची हवा कोरडी आहे. आपल्या कोकणात उघड्यावर ठेवलेलं लाकूड किती दिवसांत कुजेल याचा विचार केला की त्या कोरडेपणाचं महत्त्व कळतं. तिथे लाकूड कुजत नाही, वाळून तडकत जातं. म्हणूनच दस्ता अजून शाबूत आहे, आणि म्हणूनच त्याच्या अवस्थेवरून वर्षं मोजणं अवघड आहे.

कुणाची असेल

हा प्रश्न सगळेच विचारतात. शोधायचे प्रयत्नही झाले: परिसरातली जुनी वर्तमानपत्रं, घराण्यांच्या आठवणी. धागा हाती लागला नाही.

परिसर मात्र आपल्याला ठाऊक आहे. स्नेक पर्वतरांगेच्या या भागात १८७० च्या दशकात ओसियोला या ठिकाणी सोनं सापडलं आणि खाणकामगारांची वस्ती झाली. सोनं धुवायला पाणी हवं म्हणून १८८९-९० मध्ये डोंगरातून १८ मैलांचा पाट खणला गेला. गुरं पाळणारे रँचवाले होते, मेंढपाळ होते, ॲब्सलम लेमनसारखे गुहेत पर्यटकांना नेणारे होते. रानात हरणं होती. यांतल्या कुणाच्याही हाती १८७३ असू शकत होती, कारण १८८२ पर्यंत तिची किंमत ५० डॉलरवरून २५ डॉलरवर आली होती. ती आता श्रीमंताची चैन राहिली नव्हती, सामान्य माणसाची रायफल झाली होती. मालक कोण हे किंमतीवरून ओळखावं तर तीही वाट बंद.

कल्पना पुष्कळ लढवल्या गेल्या आहेत. शिकारीला आलेल्याने पडलेलं हरीण साफ करायला हात मोकळे हवेत म्हणून रायफल टेकवली आणि परत आल्यावर झाड सापडलं नाही. कुणी लपवून ठेवली. कुणी मेला. मी यांपैकी एकही पत्करत नाही, पण एका गोष्टीला वजन देतो: नळी आणि मॅगझिन दोन्ही रिकामी होती. मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसं मावतात. झटापटीत किंवा पाठलागात रायफल टाकून पळावं लागलं असतं, तर आत काहीतरी उरलं असण्याची शक्यता जास्त. रिकामी करून, दस्ता जमिनीवर टेकवून, नळी वर करून नीट ठेवलेली रायफल बघितली की हे सवयीचं, शांतपणे केलेलं काम वाटतं. पुरावा म्हणून हे तोकडंच आहे. काडतुसं संपेपर्यंत वापरून रिकामी झालेली रायफलही अशीच दिसेल.

जेवढं ठाऊक आहे तेवढं मात्र झाडामुळे आणि मातीमुळे ठाऊक आहे. ही रायफल पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या वाटसरूने उचलून घरी नेली असती आणि आज एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पडली असती, तर ती १८८२ ची, गंजलेली, तडकलेली, कमी दर्जाची विंचेस्टर ठरली असती. टेकलेलं खोड नाही, रुतलेला दस्ता नाही, नळी कुठल्या दिशेला होती त्याची नोंद नाही. अमेरिकेतल्या सरकारी जमिनीवरची शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय हलवणं हा १९७९ च्या पुरातत्त्व-संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिथल्या उद्यानांत भटकंतीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. असं काही दिसलं तर हात न लावता फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि रेंजरला कळवावं.

साफ करायची का?

संग्रहालयासमोर दोन वाटा होत्या. गंज काढून, लाकूड बदलून, नळीला पुन्हा निळसर-काळी झाक देऊन ती नव्यासारखी करता आली असती. हे काम करणारे कारागीर अमेरिकेत आहेत आणि ते उत्तम करतात. दुसरी वाट म्हणजे आहे ते आहे तसं थांबवणं: लाकडाचे सुटणारे पापुद्रे स्थिर करायचे, झीज पुढे जाऊ द्यायची नाही, पण दिसायला ती सापडली तशीच ठेवायची. उद्यानाने दुसरी वाट घेतली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तो हाच.

विंचेस्टर १८७३ नव्या असताना कशा दिसत हे पाहायला नमुने कमी नाहीत. निळसर-काळ्या नळ्या, लिव्हर आणि घोड्यावर कडक केलेल्या पोलादाचे ढगाळ रंग, तेल पाजलेलं अक्रोड हे सगळं कोडीच्याच दालनांत बघायला मिळतं. आजही इटलीत उबर्टी आणि जपानमध्ये मिरोकू त्या घडणीच्या नव्या रायफली बनवतात, हव्या त्याला विकत मिळतात. झाडाशेजारी दशकानुदशकं राहून राखाडी झालेला दस्ता मात्र कुठलाच कारखाना बनवू शकत नाही.

घरात वारशाने आलेली जुनी रायफल असणाऱ्यांना मी आवर्जून एक सांगतो. अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या बाजारात मूळ झाक पुसट का होईना शिल्लक असलेली रायफल चकचकीत केलेल्या रायफलीपेक्षा बहुतेक वेळा जास्त मोलाची ठरते. पॉलिश करताना अक्षरांच्या कडा गोल होतात, पट्ट्यांच्या धारा बोथट होतात, स्क्रूच्या खाचा रुंदावतात. जाणकार याच गोष्टी आधी बघतो. अक्षरं पुसट आणि झाक मात्र गडद असेल, तर रायफल पुन्हा रंगवलेली आहे. खालच्या पट्टीवरचा अनुक्रमांक नोंदवहीतल्या वर्णनाशी जुळत नसेल, म्हणजे वहीत गोल नळी लिहिली आहे आणि हातात अष्टकोनी नळीची रायफल आहे, तर मधल्या काळात कुणीतरी नळी बदलली आहे. तो दोष असेलच असं नाही. वापरणाऱ्या माणसाने जुनी नळी झिजली म्हणून नवी बसवली असेल. फक्त ते लपवून विकलं जाऊ नये.

२०१६ मध्ये ग्रेट बेसिन उद्यानाला ३० वर्षं झाली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला १००. त्या निमित्ताने रायफल उद्यानात परत आली. आता ती बेकर गावच्या पर्यटक केंद्रात आहे, राखाडी दस्त्यासह आणि गंजासह. तिच्यासोबत १८८२ हे वर्ष आणि १८८७ ते १९११ या दरम्यानचं एक काडतूस एवढी माहिती आहे. मालकाचं नाव सांगणारं पत्र किंवा रोजनिशी एखाद्या नेवाडाच्या घराण्यात अजून पडून असेल, तर त्यातल्या ‘रायफल डोंगरात हरवली’ अशा एका ओळीने उरलेलं कोडं सुटायला सुरुवात होईल.